गावातलं घर आणि सासूबाईंच्या नावाचं ‘सरकारी लोन’

वाचक भगिनीचं पत्र, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, थोडक्यात:

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत, मी घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिन्याला ४२ हजार येतात, त्यातले ९ हजार खोलीभाड्याला जातात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सासूबाई, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं मातीच्या भिंतींच्या, पत्र्याच्या घरात राहतात. सव्वा एकर जिरायत आहे, भाऊजी मजुरीलाही जातात. शेजारचं तयार विटांचं घर विकायला निघालंय, ९ लाख मागतात. आमच्याकडे साडेतीन लाख साठलेत. गावातला एकजण म्हणतो, पंतप्रधान योजनेतून सासूबाईंच्या नावावर घरासाठी लोन करून देतो, अडीच लाख माफ होतील. त्यासाठी सासूबाईंचं रेशनकार्ड वेगळं करा आणि २० हजार आधी द्या. मुदत संपत आलीय, असंही सांगतो. नवऱ्याला वाटतं, ही संधी गेली तर गावात आपलं काहीच राहणार नाही. भाऊजींना अजून काही सांगितलेलं नाही. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

*

ताई,

आधी ते २० हजार. दिले नसतील तर देऊ नका. तुमच्या झोपेचा प्रश्न निम्मा तिथेच सुटेल, उरलेला आपण सावकाश बघू.

त्या माणसाने तुमच्यापुढे एक योजना ठेवली आहे असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते त्याने तीन वेगवेगळ्या गोष्टींचे तुकडे एकत्र बांधलेत. ‘अडीच लाख माफ’ हा एक, ‘सासूबाईंचं नाव आणि वेगळं रेशनकार्ड’ हा दुसरा आणि ‘तयार घरासाठी लोन’ हा तिसरा. प्रत्येक तुकड्यात थोडं खरं आहे, म्हणून ऐकताना पटतं. पण हे तिन्ही एका अर्जात कधीच येत नाहीत.

अडीच लाखांपासून सुरुवात करू. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात गृहकर्जाच्या व्याजावर जास्तीत जास्त २ लाख ६७ हजारांची सबसिडी मिळायची. लोकांच्या तोंडी अजून तोच आकडा आहे. ती सवलत ३१ मार्च २०२२ ला बंद झाली, आणि चालू होती तेव्हाही ती शहरांसाठीच होती. सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंत कर्ज काढलं, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज सवलत आहे. ही रक्कम जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. म्हणजे एकरकमी ‘माफ’ असं इथेही काही नाही. तुमच्या गावातल्या घराला ही सवलत लागू होणार नाही.

पण हा आकडा मी मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण तो तुमच्या कामाचा आहे. तुमचं वर्षाचं उत्पन्न ५ लाखांच्या आसपास. उद्या तुम्ही जिथे नोकरीधंदा करता त्या शहरात छोटा फ्लॅट घ्यायचा म्हटलं, तर ही सवलत मागता येईल. अट एकच मोठी आहे: नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. शेजारचं विटांचं घर आज तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर घेतलं, तर तो दरवाजा बंद होतो. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. गावातलं घर हवंच असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी काय सोडतोय हे माहीत असू द्या.

आता सासूबाईंचं नाव. ग्रामीण भागासाठी जी पंतप्रधान आवास योजना आहे, जिला आपण सगळे नुसतं ‘घरकुल’ म्हणतो, ती कर्जाची योजना नाही. २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी ती आली. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान मिळतं, ते परत करायचं नसतं. सोबत शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी जोडून घेता येते. राज्य सरकारने २०२५ मध्ये यात आणखी ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहेत. लाभार्थ्याला हवं असेल तर बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज घेण्याची सोयही योजनेत आहे. तुमच्या त्या माणसाने ‘लोन’ हा शब्द बहुधा इथूनच उचलला असावा.

पण घरकुल बांधायचं असतं, विकत घ्यायचं नसतं. मंजुरीच्या वेळी आधी जुन्या घराचा किंवा मोकळ्या जागेचा फोटो मोबाईलवर काढला जातो, त्यात त्या जागेचा नकाशावरचा ठावठिकाणा नोंदला जातो. मग जोत्यापर्यंत काम आलं की फोटो, छताला आलं की फोटो, पूर्ण झालं की फोटो. पंचायत समितीचे ग्रामीण गृहनिर्माण अभियंते पाहणी करतात आणि त्या-त्या टप्प्याचा हप्ता लाभार्थ्याच्याच बँक खात्यात जमा होतो. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं लागतं. शेजारच्या तयार घराचा जोत्याचा फोटो कुठून आणणार? म्हणजे एकतर अनुदान मिळणारच नाही, नाहीतर कुणाचं तरी दुसरंच जोतं तुमच्या सासूबाईंच्या नावावर दाखवलं जाईल. वसुलीची नोटीस आली तर ती त्यांच्या नावाने येईल, त्या मध्यस्थाच्या नाही.

आणि रेशनकार्ड वेगळं करायला तो का सांगतोय, तेही समजून घ्या. घरातलं कोणी महिना १५ हजारांहून जास्त कमावत असेल, तर ते कुटुंब घरकुलाला अपात्र ठरतं. पूर्वी ही मर्यादा १० हजारांची होती. सरकारी नोकरी, आयकर, चारचाकी, ५ एकर किंवा त्याहून जास्त जिरायत, अडीच एकर किंवा त्याहून जास्त बागायत, अशा आणखी अटी आहेत. तुमच्या यजमानांचा पगार सासूबाईंच्या कार्डावर दिसू नये, म्हणून ही खटपट.

इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. सासूबाई जेवतात कुठे? पत्रावरून दिसतं की भाऊजींकडेच. दुखलं-खुपलं तर दवाखान्यात कोण नेतं? तेही तेच दोघं. मग त्या खरोखर त्यांच्याच चुलीवर आहेत, त्यांना कागदावर एकटं दाखवायची गरजच नाही. मातीच्या भिंतीत पावसाळा काढणारं, सव्वा एकर जिरायतीवर आणि मजुरीवर चालणारं ते घर या योजनेच्या निकषांत मुळातच बसण्यासारखं आहे. घरकुलाचा हक्क असलाच तर तो त्या चुलीचा आहे. तुम्ही दोघांनी त्याच्यावर नकळत का होईना हात ठेवला, तर सख्ख्या दिराचा घास काढल्यासारखं होईल. तुम्हाला झोप लागत नाही, त्याचं कारण मला हेच वाटतं. पैशांची काळजी त्याच्या नंतरची.

शिवाय हे लपून राहत नाही. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जाते, नावावर हरकत घेता येते. भाऊजींना ही गोष्ट तुमच्या तोंडून कळण्याऐवजी मारुतीच्या देवळापुढे, चारचौघांत कळावी, असं तुम्हाला नक्कीच वाटत नसणार.

आणखी एक गृहीतक तुमच्या पत्रात आहे, ते हळूच हलवून बघते. ‘सासूबाईंच्या नावावर’ म्हणजे ‘आमचं’ असं तुम्ही दोघांनी धरलंय. कायद्याने तसं नसतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाईच्या नावावरची मालमत्ता, मृत्युपत्र केलेलं नसेल तर, तिच्यामागे सगळ्या मुलांना आणि मुलींना सारखी जाते. तुमचे साडेतीन लाख आणि पुढची पंधरा वर्षं हप्ते, आणि मालकीत भाऊजी व असल्या तर नणंदाही. तशी तुमची मनापासून तयारी असेल तर उत्तमच, कित्येक घरांत अशीच घरं उभी राहतात. पण ते डोळे उघडे ठेवून करा. नाहीतर तुमच्या मनात ‘पैसे आमचे’ आणि त्यांच्या मनात ‘आईचं घर’ असं राहून एक दिवस वाटणीच्या वेळी भांडण उभं राहील.

आता तिसरा तुकडा: सबसिडीचा विचार सोडून, साध्या गृहकर्जावर शेजारचं घर घ्यायचं. हे कायदेशीर आहे, सरळ आहे. अडचण कागदाची आहे. गावठाणातल्या घराचा बहुतेकांकडे एकच कागद असतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो घरपट्टीची आकारणी सांगतो. मालकीचा पक्का पुरावा म्हणून बँका तो मानत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. त्यासाठी २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि प्रत्येक घराला सनद आणि मालमत्ता पत्रक मिळतं. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर शेजाऱ्यांकडे सनद मागा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मालमत्ता पत्रकाची नक्कल मिळते, त्यावर विकणाऱ्याचंच नाव आहे का, की त्याच्या वडिलांचं आणि चार चुलत्यांचं, ते बघा. गावातल्या घरांचे व्यवहार बहुतेक इथेच अडकतात. एक भाऊ विकायला बसलेला असतो आणि बाकीच्या तिघांना पत्ताच नसतो.

समजा, कागद स्वच्छ निघाले. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. पण किंमत कोणती? मालक मागतो ती नाही, बँकेचा मूल्यांकन करणारा लावेल ती. तो जुनं बांधकाम, रस्त्याची रुंदी, आजूबाजूचे नोंदलेले व्यवहार बघतो. उदाहरणादाखल धरा, त्याने ५ लाख लावले. मग कर्ज साडेचार लाखांच्या वर जाणार नाही. तुमचे साडेतीन मिळवून ८ होतात, मागणी ९ ची, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकिलाचा शोध अहवाल, डागडुजी हे सगळं बाहेरच. हा राहिलेला दीड-दोन लाखांचा खड्डा भरायला माणसं मग पर्सनल लोन किंवा गटाचं कर्ज काढतात, दर आठवड्याचा हप्ता मागे लागतो. मध्यस्थ ज्याला ‘सरकारी लोन’ म्हणून सही घेतो, ते पुष्कळदा हेच असतं. सहीआधी कागदावर कर्जाचा प्रकार आणि व्याजदर वाचून घ्या, कर्ज मराठीत समजावून सांगा असं म्हणायला अजिबात संकोच करू नका.

आणि बँकेने हवे तेवढे, म्हणजे साडेपाच लाख, दिले असं धरलं तरी ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी हप्ता साडेपाच हजारांच्या थोडा वर बसतो. एकूण फेड १० लाखांच्या घरात जाते. तुमच्या ४२ हजारांत भाडं आणि हा हप्ता दोन्ही बसतील, जेमतेम बसतील. पण शिवणकामाचे दोन महिने मंदीचे गेले, किंवा कंपनीने ओव्हरटाइम बंद केला, तर?

म्हणून यजमानांशी बोलताना आकड्यांच्या आधी एक गोष्ट विचारा: या घरात आपण वर्षातून किती रात्री राहणार? जत्रा, दिवाळी, मे महिन्यातले आठ दिवस? ‘गावात आपलं काहीच राहणार नाही’ हे त्यांचं वाक्य मला फार खरं वाटतं, आणि त्याची टिंगल होऊ नये. गाव सोडून कारखान्यात राबणाऱ्या माणसाला गावात आपल्या नावाची एक भिंत असावी असं वाटतंच. धाकटा भाऊ घर सांभाळतो, थोरला पाहुण्यासारखा येतो, हेही कुठेतरी टोचत असतं. पण मग जे हवंय ते त्या जुन्याच घराच्या जागेत आहे. तिथला त्यांचा हिस्सा कुठेही गेलेला नाही, फक्त तो अजून कागदावर आलेला नसेल.

माझा सल्ला असा. शेजारचं घर आत्ता घेऊ नका. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन जुन्या घराचा नमुना ८ काढा. त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव असेल तर आधी सगळ्या वारसांची नोंद करून घ्या, बहिणींची नावंही घाला. कोणी स्वखुशीने हक्कसोड केलं तर ते नोंदणीकृत करा, स्टॅम्पपेपरवर घरीच सह्या नकोत. त्याच दिवशी घरकुलाच्या यादीत या घराचं नाव आहे का, कोणाच्या नावे आणि कितव्या क्रमांकावर, ते विचारा. घरकुलासाठी गरजू कुटुंबांची नोंद करणाऱ्या आवास प्लसच्या सर्वेक्षणात नाव आलं होतं का, हेही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या घरकुल विभागात कळेल. अर्जाला फी नाही, मध्यस्थही लागत नाही. मुदतीचं म्हणाल तर ग्रामीण योजना २०२८-२९ पर्यंत वाढवली आहे, देशभरात आणखी २ कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवून. तेव्हा ‘मुदत संपत आलीय’ म्हणणाऱ्याला विचारा, नेमकी कोणती योजना आणि कोणता शासन निर्णय. उत्तरावरून माणूस कळेल.

मग भाऊजी आणि जाऊबाईंसमोर बसून बोला. सासूबाईंनाही बसवा, निर्णय त्यांच्या घराचा आहे. भाऊजींच्या कुटुंबाला घरकुल मिळालं, तर जुन्या जागेतली एक बाजू त्यांच्या बांधकामासाठी ठरवा, दुसरी तुमची. घरकुल बहुधा बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं, म्हणजे जाऊबाईंचं नाव त्यावर येईल, आणि त्याचा मला आनंदच आहे. तिथे तुम्ही स्वतःच्या पैशातून थोडी भर घातलीत, स्लॅब वाढवून घेतलात, किंवा तुमच्या बाजूला एक खोली आणि न्हाणी बांधलीत, तर ती दोन-अडीच लाखांत, कर्जाशिवाय होण्यासारखी आहे का, ते गावातल्या गवंड्याला विचारा. घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रास वाळू मोफत देण्याचं धोरण राज्यात आहे, तेही तहसील कार्यालयात विचारून घ्यायला सांगा. मात्र एक बघा: तुमच्या नावावर स्वतंत्र पक्कं घर नोंदवण्याआधी शहरातल्या फ्लॅटचा विचार दोघांनी पक्का करून टाका. ती सवलत हवी असेल तर तो क्रम आधी.

तुमच्यासारखीच पत्रं पुष्कळ येतात, म्हणून इतरांसाठी दोन-तीन गोष्टी. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, अशा राज्याच्या वेगळ्या घरकुल योजना आहेत. यादीत नाव नाही म्हणून गप्प बसू नका, आपल्याला कोणती लागू पडते ते विचारा. घरकुल मंजूर आहे पण जागाच नाही, अशांना जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत मदत आहे. पूर्वी ती ५० हजारांची होती. आणि शेतजमिनीत गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेली जागा स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका. बिगरशेती आदेश आणि स्वतंत्र नोंद नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि घरकुलालाही अडचण येते.

यजमान तरीही म्हणाले की शेजारचं घर सोडायचं नाही, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. पुढची पायरी कागदांची आहे, ती दोघांनी मिळून चढा. आधी सनद आणि मालमत्ता पत्रक, मग बँकेचं मूल्यांकन, मग किमतीची घासाघीस. खरेदी तुमच्या एकटीच्या नावे केलीत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तेही दुय्यम निबंधकांकडे विचारून ठेवा. त्याआधी इसार मागितला तर रोख देऊ नका. खात्यातूनच द्या, आणि इसारपावतीवर ‘कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत’ असं लिहून, विकणाऱ्या सगळ्या भावांच्या सह्या घ्या.